राजाच्या खांद्याला लोणी

विष्णुपुरी, नांदेड
गणपतीचा तिसरा दिवस, दुपार

सौभाग्यवती विहीणबाई गंगम्मा यांना विहीण शांतम्माचा वाकून नमस्कार. आणि बोर्डिंगातल्या गंगीला शांतीचा एक चिमटा, कोपराच्या वर, जिथे तुला जास्त लागायचा तिथेच.

तुला तो शिवणाचा तास आठवतो का गं? गुलबर्ग्याच्या कॉन्व्हेंटमधला, जेवणाच्या सुट्टीनंतरचा, ज्यात निम्म्या मुली सुईत दोरा ओवता ओवता पेंगायच्या. खिडकीबाहेर माळीबाबा ते लोखंडी गवत कापायचं यंत्र ढकलत चालले होते आणि कापलेल्या गवताचा ओला वास वर्गात येत होता. तू बाकाखाली डबा उघडून घरचं लोणी लावलेला धपाटा खात होतीस (मलाही घास दिलेस, ते मी विसरलेले नाही) आणि हात पुसायला काही सापडेना, म्हणून तू ती बोटं सरळ शिलाई मशीनच्या चामडी पट्ट्याला पुसलीस. पुढची पाळी माझी होती. मी पाय मारतेय, खालचं मोठं चाक गरगर फिरतंय आणि वरची सुई मात्र अशी जड, जशी सासरी निघालेली नवी नवरी. सिस्टर आग्नेस आल्या. त्यांनी पट्ट्याचा वास घेतला, मग तुझ्या तोंडाचा. रागावल्या नाहीत. झग्याच्या खिशातून खडू काढला, पट्ट्यावरून दोनदा फिरवला आणि म्हणाल्या, "मशीनला भूक नसते, गंगम्मा." सुई पुन्हा धावू लागली. तू तेवढ्यात खिडकीबाहेर बघून मला म्हणालीस, "शांते, आपण मोठ्या झालो ना, की आपल्याकडे असं गवत पाहिजे, ज्याच्यावर एकही म्हैस बसत नाही."

आता तुझ्या दारात चार म्हशी आहेत आणि माझ्या दारात ते गवत आहे. म्हणजे अर्धं स्वप्न तरी पुरं झालं.

तुझी सांधेदुखी कशी आहे? व्याहीबुवांचा खोकला गेला का? (त्यांना म्हणावं, फवारणी करताना तोंडाला रुमाल बांधावा, नुसता गळ्यात अडकवून काय उपयोग?) निलंग्याला पाऊस बरा आहे असं ऐकलं. सोयाबीन पिवळं पडलंय का? आमच्याकडे सगळं ठीक. यांची तब्येत उत्तम आहे. किती उत्तम, ते सांगण्यासाठीच हे एवढं लांब पत्र लिहायला घेतलं आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि बोलू दिलंस तर मी रडते.

आधी गवताचं सांगते, कारण तू म्हणतेस की दोन म्हाताऱ्यांना एवढं अंगण कशाला. हे रिटायर झाले तेव्हा मला विचारलं, "शांता, तुला काय पाहिजे?" मी म्हणाले, कॉन्व्हेंटसारखं लॉन. मी गमतीत म्हणाले होते. पण हे गंमत समजत नाहीत, हे तुला लग्नापासून माहीत आहे. बाजारातून गवताच्या मुळ्या आणल्या, दोरी लावून ओळीत टोचल्या, आणि ते गवत वर आलं तेव्हा दोघांनीही ओळखलं की ही तर हराळी! अगं, ज्या माणसाचं सगळं लहानपण अहमदपूरकडच्या शेतात आईच्या मागे बसून हराळी उपटण्यात गेलं, सासूबाई ज्या गवताला नाव न घेता शिव्या द्यायच्या, तेच गवत त्याने बायकोसाठी हाताने लावलं आणि त्याला रोज संध्याकाळी पाणी घातलं. आमची जमीन बटईने करणारा मलप्पा पहिल्यांदा इथे आला तेव्हा फाटकातच उभा राहिला. "अण्णा, हे काय करून राहिले हो? लई हराळी माजलीय की! उद्या येऊन कुळव घालू का?" हे म्हणाले, "नको रे, ती बाईसाहेबांची आहे." मलप्पाने माझ्याकडे असं बघितलं, जसं घरात कोणाला काही झाल्यावर बघतात. तेव्हापासून तो आला की माझ्याशी फार हळू आवाजात बोलतो.

तर या हराळीसाठी गेल्या हिवाळ्यात, यांच्या छातीत ती नळी टाकल्यानंतर, साक्षी आणि सत्यमने ते यंत्र पाठवलं. डॉक्टर म्हणाले होते की चाला, खूप चाला, पण ओझं ढकलायचं नाही. म्हणून हे स्वतः चालणारं यंत्र. पेट्रोलवर चालतं. एक दांडी दाबून धरली की पातं फिरतं, दुसरा खटका ओढला की पुढची चाकं आपली आपण चालू लागतात, माणसाने नुसतं मागून चालायचं. तुझा मुलगा खरंच गुणी आहे गं. इतका विचार करून वस्तू निवडतो की मला वाटतं हे तुझ्यावर गेलेलं नसावं.

यांनी पहिल्या दिवशी त्याच्या मागून एक चक्कर मारली आणि चेहरा असा झाला की मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतच राहिले. तुला माहीत आहे, शेतातली बैलजोडी विकून दोन वर्षं झाली. मलप्पाने ट्रॅक्टर लावला, आता बैल कोण सांभाळणार. त्या जोडीतल्या राजावर यांचा जीव होता. बैल विकल्याच्या दिवशी हे जेवले नाहीत. आणि आता या लाल रंगाच्या यंत्राच्या मागून, दोन्ही हात दांडीवर, मान थोडी खाली, हे असे चालत होते की पायात चपला आहेत एवढंच शेतापेक्षा वेगळं. परत आल्यावर मला म्हणाले, "ओढ चांगली आहे." आठवडाभरात त्याचं नाव राजा झालं. (आपल्या बोर्डिंगात पाण्याच्या पंपाला तू मार्गारेट म्हणायचीस. माणसं आपल्या एकटेपणाला नाव देतात, त्यात काय चूक?)

आता मुद्द्याला येते. श्रावणात साक्षीचा फोन आला की घर विकायचं आणि पुण्याला त्यांच्या शेजारच्या इमारतीत फ्लॅट घ्यायचा. बाबांना काही झालं तर तू एकटी काय करशील, गाडी कोण काढेल, वगैरे वगैरे. सगळं बरोबर. ती सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीत आहे, चुका शोधणं हेच तिचं दिवसभराचं काम, त्यामुळे तिच्या बोलण्यात चूक सापडत नाही. यांना राग येत नाही कधी, पण त्या दिवशी आला. म्हणाले, "गणपतीत ये. पूर्ण लॉन एका दमात कापून दाखवतो. मध्ये थांबलो, धाप लागली, तर दिवाळीच्या आत पुण्याला येतो. नाही लागली, तर हा विषय बंद." मी मागून हातवारे करत होते की असं काही बोलू नका. पण बोलून बसले. साक्षी शांतपणे म्हणाली, "चालेल, बाबा." अगदी तुझा आवाज. मुली सासूसारख्या इतक्या लवकर कशा होतात?

मला पुणे वाईट वाटत नाही गं. पण तिथे तिसऱ्या मजल्यावर हे कशाच्या मागून चालणार?

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी खिडकीतून बघते तर हे ओट्यावर बसलेले, समोर राजा, आणि मांडीवर वाटी. वाटीत मी सकाळी काढलेलं लोणी आणि त्यात कालवलेली हळद. बैलांची खांदेमळणी तुझ्याही घरी व्हायची. वर्षभर जू ओढून ज्या खांद्याला घट्टे पडले, तो खांदा लोण्या-हळदीने चोळायचा आणि त्याची माफी मागायची. पण राजाला खांदा कुठला? कोणी दुसरा असता तर दांडीला बोट लावून मोकळा झाला असता. हे मात्र आयुष्यभर कॉलेजात पोरांना पूल शिकवत आले. पुलाचं ओझं नेमकं कुठे पडतं, हाच यांचा विषय. (आमच्या लग्नातसुद्धा मांडवाचा कुठला खांब ओझं घेत नाहीये ते यांनी मुंडावळ्यांतून ओळखलं होतं.) त्यामुळे यांनी बसून विचार केला की इंजिनाची ताकद चाकांपर्यंत कोण नेतं? पट्टा. ओझं कोणावर पडतं? पट्ट्यावर. म्हणजे खांदा तो. पाना आणला, स्क्रू काढले, झाकण उघडलं, आणि त्या काळ्या रबरी पट्ट्याला, पुलीच्या दोन्ही बाजूंनी, बोटं घालून घालून, इतक्या मायेने लोणी चोळलं गं! तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. ते मला ऐकू आलं नाही आणि ऐकायचंही नव्हतं.

मी खिडकीत उभी होते आणि मला सिस्टर आग्नेस आठवल्या. हे तुला खरं सांगते. मला त्याच क्षणी दिसत होतं की आता काय होणार. पण त्या माणसाला हाक मारून "अहो, थांबा" म्हणणं मला जमलं नाही. तुला जमलं असतं का?

पोळ्याला राजाला बाशिंग बांधलं, माझी जुनी चौकडीची चादर झूल म्हणून घातली आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर पुरणपोळीचा तुकडा ठेवला. शेजारच्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, "सर, तोरणाखालून नेणार का?" हे म्हणाले, "नेतो की, तोरण बांधा." आणि त्यांनी खरंच बांधलं! सगळ्या कॉलनीने टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी राजाला काम नाही, अर्थातच.

दुसऱ्या दिवशी राजा चालेना.

म्हणजे इंजिन व्यवस्थित ओरडत होतं. पातं फिरत होतं, गवत उडत होतं. पण चाकं? खटका ओढला की राजा एकदा थरथरायचा, दोन पावलं सरकायचा आणि मग अशा गतीने चालायचा की त्याच्यापुढून एक मुंगळा गेला आणि वळून बघत थांबला. यांनी थोडं ढकललं. फाटकापर्यंत जाईपर्यंत कपाळावर घाम. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले आणि तोंड उघडलं. हे म्हणाले, "काही नाही, सणाचा सुस्तावलाय."

आणि इथून पुढे, गंगे, मी या माणसाचं किती कौतुक करावं तेच कळत नाही. साक्षी येणार ती तारीख समोर आणि हा माणूस एका शब्दाने यंत्राला बोलला नाही, नशिबाला बोलला नाही. सतरंजी अंथरली, चष्मा पुसला आणि तपासायला बसला. आधी म्हणाले, पावसाचं गवत ओलं, उंच; ओझं जास्त होत असेल. पातं वर घेऊन बघितलं. तसंच. मग जुनं पेट्रोल काढून नवं घातलं, हवेची जाळी झटकली. इंजिन आणखी जोरात ओरडायला लागलं, राजा तिथेच. मग पुढची चाकं काढली. आत गवताचा लगदा, माती, आणि माझ्या डोक्यावरचा एक केसांचा आकडा. (तो कसा गेला, ते कोणी विचारू नये.) चाकांच्या आतले ते बारीक दाते माझ्या जुन्या दात घासायच्या ब्रशने एकेक करून स्वच्छ केले, उजेडात धरून बघितले की कुठला झिजला का. एकही झिजलेला नव्हता. मग दांडीपासून खाली जाणारी तार. ती सैल झाली की खटका ओढूनही चाकांना पुरता जोर मिळत नाही, असं मला समजावून सांगितलं, जसं वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला सांगतात तसं. नट फिरवून तार थोडी ताणली. राजा जरासा बरा चालला. आणखी ताणली. आणखी जरासा. मग शेवटपर्यंत ताणली. राजा पुन्हा मुंगळ्याच्या मागे.

सगळं तपासलं, फक्त पट्टा नाही. कारण पट्ट्याची तर आत्ताच एवढी सेवा झाली होती! ज्याची मनापासून चाकरी केली त्याच्यावर संशय कसा घ्यायचा? मी दोनदा म्हणून बघितलं, "पट्टा बघता का?" तर हे हसून म्हणाले, "तो ठणठणीत आहे, शांता. त्याला तर लोणी लावलंय."

यावर काय बोलायचं ते मला कॉन्व्हेंटने शिकवलं नव्हतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी हे सतरंजीवरून उठले, हात पुसले आणि म्हणाले, "नाही झाला तर ढकलीन." इतकंच. मला माहीत होतं की हे ढकलतील. बोललेला शब्द पाळण्यासाठी हा माणूस छातीतल्या नळीसकट पूर्ण लॉनवर राजाला ढकलत नेईल, आणि धाप लागली तरी तोंड मिटून ठेवील, साक्षीला कळू नये म्हणून. घर जाईल त्याची मला इतकी भीती नव्हती, गंगे. मला त्या मिटलेल्या तोंडाची भीती होती.

संध्याकाळी हे कॉलनीच्या मंडळींबरोबर गणपती आणायला गेले. मी पदर खोचला. आधी प्लगची टोपी काढून ठेवली (हात घालण्याआधी ती काढायची, हे यांनीच मला शिकवलंय), मग झाकण उघडलं. आत देवघरासारखा पिवळाधमक पट्टा, आणि वास! लोणी आंबून ताकाचा वास येत होता. मी रिठ्याच्या कोमट पाण्यात फडकं बुडवून पट्टा पुसला, पुली हाताने थोडी फिरवायची, पुढचा भाग पुसायचा, पुन्हा फिरवायची. तीनदा पाणी बदललं. कोरड्या फडक्याने टिपून काढला. मग शिलाई मशीनच्या खणातून खडू काढला, जो मी इतकी वर्षं उगाचच ठेवते, आणि सिस्टरांसारखा दोनदा फिरवला. पुलीलाही लावला. झाकण बंद. स्क्रू बसवताना एक उरला, तो दुसऱ्या दिवशी पिठाच्या डब्यात सापडला, पण तो बहुतेक महत्त्वाचा नसावा.

मला एकच गोष्ट सुचली नाही. यांनी तार शेवटपर्यंत ताणून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी आरती झाली, मोदक झाले, आणि साक्षी हातात फोन घेऊन ओट्यावर उभी राहिली. फोनमध्ये वेळ लावून ठेवली होती. हे पांढरा सदरा घालून आले, राजाच्या पाठीवर थाप मारली, दोरी ओढून इंजिन सुरू केलं, मोठी दांडी धरली. खटक्याला अजून हात लावायचा होता. आणि राजा निघाला! अगं, निघाला म्हणजे, वेशीवर ढोल वाजल्यावर बैल सुटतो तसा निघाला. तार एवढी ताणलेली की चाकं धरली ती सुटेनात, आणि पट्टा आता असा कोरडा की घसरायचं नाव नाही. हे मागून लांब लांब ढांगा टाकत. साक्षी ओरडतेय, "बाबा, सोडा! दांडी सोडा!" आणि खरंच, दांडी सोडली असती की यंत्र तिथल्या तिथे बंद पडलं असतं, त्याची रचनाच तशी आहे. पण ज्याने लहानपणी बैल हाकले, तो कासरा सोडत नाही गं. उधळला तर मुळीच नाही. यांच्या तोंडातून आवाज आला, "हो, हो, राजा! दमानं! दमानं रे!" आणि हात तसेच घट्ट. झेंडूच्या वाफ्याचा एक कोपरा गेला. पण पुढच्या वळणावर यांनी दांडी खाली दाबली, राजाची पुढची चाकं अधांतरी उचलली गेली, आणि बांधावर औत वळवावं तसं त्याला अलगद फिरवून पुढच्या पट्टीला लावलं. मग प्रत्येक वळणावर तसंच. एकामागून एक सरळ पट्टी. मी तोंडावर पदर धरून उभी होते. आधी भीतीने, मग हसू दाबायला, आणि शेवटी नुसतीच. पासष्टी ओलांडलेला माझा नवरा, सदऱ्याला गवत लागलेलं, मान उंच, आणि पूर्ण लॉन! शेवटच्या पट्टीला ओट्याच्या बरोबर समोर येऊन यांनी दांडी सोडली. एकदम शांत झालं.

साक्षी धावत गेली, यांचं मनगट धरलं, फोनकडे बघत मोजत राहिली. मग डोकंच छातीला लावलं. हे म्हणाले, "मोजून झालं का? मला चहा घ्यायचाय." तिने वर बघितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "बाबा, तुम्ही गात होता." आमच्या कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. खरंच, शेवटच्या दोन पट्ट्यांना हे गुणगुणत होते. धाप लागलेला माणूस गाऊ शकत नाही, एवढं तपासणी करणारीला कळतं.

चहा घेताना हे मला म्हणाले, "बघितलंस? खांदेमळणीचा गुण. फक्त मुरायला वेळ लागतो." मी म्हणाले, "हो ना, लोण्याचं तसंच असतं." देवाने मला माफ करावं आणि सिस्टर आग्नेस यांनीही.

तर हे असं आहे सगळं. साक्षी उद्या सकाळच्या एसटीने तुझ्याकडे महालक्ष्म्यांसाठी निघेल. सत्यम परस्पर पुण्याहून येणार असल्याचं कळलं. महालक्ष्म्यांना माझा नमस्कार सांग, त्यांचे मुखवटे नीट बसव, मागच्या वर्षी धाकटीचा जरा कलला होता. व्याहीबुवांना नमस्कार.

तुझी विहीण आणि तुझ्याच बाकावरची,
शांतम्मा

ता. क. साक्षी म्हणाली, "माझ्याकडून विषय बंद. पण पुण्याची गोष्ट मुळात आईंनी काढली होती, सत्यम त्यांचंच ऐकतो." आईंनी म्हणजे तू! गंगे, मला तेव्हा समजलं. तुझ्या मनात माझी काळजीच होती, मी रागावलेली नाही, मला उलट भरून आलं. पण आता जेवणाच्या दिवशी सत्यमच्या पानात पुरण वाढताना त्याला एवढं सांग की सासऱ्यांचं घर राहू दे. हाताने वाढत असतानाच सांग, तो तुला तेव्हा नाही म्हणत नाही. आणि तरीही तुझं मन होत नसेल, तर एक गोष्ट कळवते, जी कळवायची नव्हती. सत्यम बोलता बोलता म्हणाला होता की आधी नांदेड आवरू, मग निलंगा. आज माझी हराळी, उद्या तुझ्या चार म्हशी. तिसऱ्या मजल्यावर म्हैस चढत नाही.

ता. क. हे व्याहीबुवांना फोन करून फवारणीच्या पंपाची आणि ट्रॅक्टरच्या पट्ट्यांची खांदेमळणी करायला सांगणार आहेत, अगदी सविस्तर. व्याहीबुवांनी "हो हो, करतो" म्हणावं आणि करू नये. कारण विचारू नये. हे पाकीट मी डिंकाने चिकटवते आहे, कडेला पुन्हा डिंक. फुटलेलं दिसलं तर साक्षीला विचार.

ता. क. पाकीट बंद करायला म्हणून शिलाई मशीनच्या खणातून डिंक काढायला गेले, तर तिथे खडूंचा एक नवा डबा. कोरा, पांढऱ्या खडूंचा. आणि त्याच्याजवळ झाकणाचा तो उरलेला स्क्रू, जो मी खिडकीत ठेवला होता. मी ओट्यावर जाऊन बघितलं. हे राजाजवळ बसले आहेत, तारेचा नट सैल करताहेत. झाकण उघडं आहे आणि पट्टा पांढरा दिसतो आहे. मी म्हणाले, "काय करताय?" हे मान वर न करता म्हणाले, "काही नाही. लोणी मुरलंय का बघत होतो." आणि पुढे म्हणाले, "चांगलं मुरलंय, शांता." मी आत आले आणि हे लिहिते आहे. आता मी यावर काही बोलणार नाही आणि तेही बोलणार नाहीत. तूही बोलू नकोस.

साक्षीच्या पिशवीत काय काय आहे ते सांगते, ती विसरेल. दुर्वांच्या जुड्या तुझ्या गणपतीला, सगळ्या माझ्या लॉनमधल्या, यांनी स्वतः खुडल्यात (मलप्पाने बघितलं तर त्याला घेरी येईल). राजाच्या तावडीतून वाचलेले झेंडू महालक्ष्म्यांना, थोरलीला मोठे, धाकटीला उरलेले, उलट करू नकोस. स्टीलच्या डब्यातलं लोणी व्याहीबुवांना, धपाट्यावर, बाकी कशावरही नाही. चौकडीची चादर सत्यमला, त्याला सांग की ही राजाची झूल आहे, त्याने आणलेल्या राजाची, म्हणजे ती त्याच्याकडेच असावी. पोत्यातलं कापलेलं गवत म्हशींना. त्यांना म्हणावं, खा, पण त्यावर बसायचं नाही, आमचं तसं ठरलेलं आहे. आणि कागदात गुंडाळलेला अर्धा खडू तुला. तो तुझ्या मशीनच्या खणात ठेव आणि धपाटा खाऊन हात धुवत जा. उरलेला अर्धा माझ्याकडे आहे. इथे, याच घरात.